पाहुण्यांसाठी एक धार

नागपूरला येणारा पुण्या-मुंबईचा मित्र सावजी, तर्रीपोहे आणि वाघ या तिन्हींची मनाची तयारी करून आलेला असतो. डोंगराची तेवढी नसते. "तुमच्याकडे कुठे आलेत डोंगर!" असं तो झीरो माइलजवळ उभा राहून म्हणतो, आणि ३१० मीटर उंचीवरच्या या सपाट गावात त्याला खोडून काढणं अवघडच जातं. एरवी नागपंचमीच्या तोंडावर इथल्याच गल्लीबोळांतून नागद्वारीला माणसं निघतात, भर पावसात पचमढीचे चढउतार तुडवून येतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. पण त्याला आपण यात्रा म्हणतो, ट्रेक म्हणत नाही, त्यामुळे पाहुण्याच्या हिशेबात ते येत नाही. त्याला डोंगराची एखादी धार दिवसभर चालवून आणणं हाच उपाय. कोणती, हा खरा घोळ.

नकाशावर बोट ठेवलं की आधी वाघ आडवा येतो. पेंच, मेळघाट, सातपुडा. लांबून देखणी दिसणारी धार बहुतेक वेळा व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत निघते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय पायी हिंडता येत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या मित्राला हे पटायला वेळ लागतो. तिथे गावात विचारलं, "दादा, वाट कुठून?" की काम होतं. इथे आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारायचं, मग गावात.

नियमांच्या चाळणीतून उरतात त्यात तीन जागा ठळक. पन्नासेक किलोमीटरवरचं रामटेक, सव्वादोनशेच्या आसपासचं चिखलदरा आणि साधारण तेवढ्याच अंतरावरची पचमढी. गंमत अशी की तिन्हींचा दगड वेगळा, म्हणून पायाखालची तऱ्हाही वेगळी. रामटेकला सौसर पट्ट्यातला जुना रूपांतरित खडक. शेजारी मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत तोच पट्टा. चिखलदऱ्याला सह्याद्रीसारखाच काळा बसाल्ट. पचमढीला वालुकाश्म. कोरड्या वालुकाश्मावर बूट छान पकडतो, पण त्याच्यावर सुटी वाळू पसरलेली असली की उतारावर पाय मोहरीवर पडल्यासारखा निसटतो. बसाल्टवर सरावलेला गडीच तिथे आधी आपटतो, कारण त्याचा दगडावर विश्वास फार.

पचमढीचा चौरागड उत्तम, पण हजारावर पायऱ्या चढायच्या आणि त्याच उतरायच्या. गुडघ्यांना उतरण्याचा त्रास चढण्यापेक्षा जास्त, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या मंडळींना तिथे नेताना विचार करावा. रामटेकची टेकडी घोड्याच्या नालेसारखी वळलेली. अंबाळा तलावाकडून जुन्या पायऱ्यांनी चढावं, वाकाटककालीन नरसिंहाच्या देवळांपाशी रेंगाळावं. थकलेल्याला वर येणाऱ्या गाडीरस्त्याने परत पाठवता येतं, हा या टेकडीचा फार मोठा गुण. पण तिच्यात दिवस भरत नाही, अर्धाच भरतो. वर माकडांचा बंदोबस्त कडक. प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की ती त्यांचीच.

आमचं मत चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला. काटेकोर बोलायचं तर ही धार नव्हे, कड्याच्या काठाकाठाने तटावरून चालणं आहे. पण पाहुण्याला हवं असतं ते सगळं इथे मिळतं: एका बाजूला मेळघाटच्या रांगा, दुसऱ्या बाजूला खाली वऱ्हाडचं मैदान, आणि मधे आपण. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांचा. १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने तो घेतला तेव्हा दक्षिणेचा सरळ चढ पाहून त्याने मुख्य हल्ल्याचा बेत उत्तरेकडून आखला. स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगराला वळसा घालून कित्येक दिवस ओढत नेल्या, कारण किल्ल्याला बाकीच्या डोंगराशी जोडणारी अरुंद मान त्या बाजूला आहे. १५ डिसेंबरला किल्ला पडला. आजही चिखलदऱ्याकडून त्याच मानेवरून आत जाता येतं. म्हणजे वर चढून जायचा त्रास जवळजवळ नाहीच, दिवसभराचा दम चालण्यासाठी उरतो. शिवाय चाल गोल असल्यामुळे कुणाचा पाय मुरगळला तर आत वळून मुख्य वाटेला लागता येतं. सरळसोट लांब धारेवर ही सोय नसते. अर्ध्यावर गेलं की पुढे आणि मागे सारखंच. पाहुण्यांसाठी वाट निवडताना शिखराच्या आधी या उतरवाटा मोजाव्यात.

वाटाड्या मात्र स्थानिक कोरकू माणूसच घ्यावा. तटाच्या कडेला घाणेरी इतकी माजलेली असते की भिंत कुठे संपते आणि पोकळी कुठे सुरू होते ते कळत नाही. दरवाज्यांच्या कमानींत आग्या मोहोळ लागलेलं असू शकतं. तिथे विडी-सिगारेट नको, अत्तर नको, ओरडाआरडा नको. हे पाहुण्याला आदल्या रात्रीच सांगावं, सकाळी तो अत्तर लावून मोकळा झालेला असतो.

आता वेळेचं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. बारा किलोमीटर आणि ५०० मीटर चढ धरला तर सव्वातीन तास होतात. हे तगड्या, न बोलणाऱ्या माणसाचे. गप्पिष्ट मित्रमंडळाला दीडपट करा, म्हणजे पाच. फोटो, न्याहारी, "थांब रे, लेस सुटली" यांचे दीड तास वेगळे. आठला निघालात तर अडीच वाजतात. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, पण झाडीतून साडेचारलाच बाहेर पडायचं; अस्वलं संध्याकाळी फिरायला लागतात. मधले दोन तास हातचे राखून ठेवावेत. पाहुण्यांना किलोमीटर सांगूच नयेत. "बारा किलोमीटर? रोज मॉर्निंग वॉकला आठ होतात," असं म्हणणारा माणूस दहाव्याला खाली बसतो. त्यापेक्षा विचारावं, "तीन मजले न थांबता चढतोस का बे?" उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, त्यावरून चाल ठरवावी.

दिवाळीनंतर इथलं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. लोकरी किंवा जाड विणीच्या मोज्यात ती एकाच दिशेने शिरतात. टोक आत, केसाळ शेपूट बाहेर. पाऊल टाकाल तसं आणखी खोल. उपटायला गेलं की शेपूट हातात येतं आणि टोक आत राहतं. म्हणून गुळगुळीत नायलॉनची पँट, पोटऱ्यांना घट्ट पट्टी, आणि खिशात एक छोटा चिमटा. जानेवारीपासून सागाची पानगळ. ताटाएवढं वाळकं पान मुरमाच्या उतारावर घसरगुंडीचं काम करतं, आणि शंभर पायांखाली वाजायला लागलं की पुढच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथे अंतर ठेवून, एकेकाने उतरावं.

बूट आदल्या दिवशी तपासावेत, विशेषतः महागाचे. माळ्यावर पाच-सहा वर्षं ठेवलेल्या बुटाचा तळ वरून ठणठणीत दिसतो आणि पहिल्याच तासात जीभ काढतो. टाच धरून तळ वाकवून पाहायचा. कडेला बारीक भेग उघडली तर तो बूट घरीच ठेवायचा. दोन मीटर नायलॉनची दोरी पिशवीत असली की वेळ निभावते.

पाणी माणशी तीन लिटर, फेब्रुवारीच्या पुढे चार. गडावर तळी आहेत, पण ती पाहायला. अर्ध्या वाटेवर दीड लिटर उरलं नसेल तर परतायचं, यावर चर्चा नको. संत्री माणशी चार. डिसेंबरात आंबिया बहाराची, फेब्रुवारी-मार्चात मृगाची. साली परत आणायच्या.

गाडीचा एक हिशेब लोक हमखास उलटा करतात. चाल गोल नसेल, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं असेल, तर आपली गाडी शेवटच्या टोकाला लावून ठेवावी आणि सुरुवातीला भाड्याच्या जीपने जावं. सकाळी जीपवाल्याची वाट पाहायला सगळे ताजेतवाने असतात. संध्याकाळी, मोबाइलला रेंज नसताना, तेच लोक एकमेकांशी बोलेनासे होतात.