अण्णा, ठिबक आणि भावाचं एव्हीएम

धाकट्याला मेसमध्ये जेवताना फिट आली. पोरांनी रीतसर कांदा हुंगवला, एकाने चप्पलसुद्धा, आणि मग सीटीत दिसलं की मेंदूत उजव्या बाजूला पुढे थोडं रक्त सांडलंय. वर्षभर डोकं दुखायचं त्याचं, तेव्हा 'मायग्रेन आहे, जागरण कमी कर' एवढंच ऐकून आलो होतो. असो.

अँजिओग्राफीत एव्हीएम निघालं. रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये केसासारख्या बारीक वाहिन्या असतात ना, त्याच नाहीत, नुसता गुंता. डॉक्टर रिपोर्टच्या पाकिटावर पेनाने काढून दाखवत होते, मला काही झेपेना, अण्णा मात्र लगेच म्हणाले, "म्हंजी ठिबकच्या नळ्याच न्हाईत, मेन लाईन थेट चारीत सोडलीया." डॉक्टर हसले आणि तिथून पुढे माझ्याकडे बघितलंच नाही, सगळं अण्णांनाच सांगायला लागले.

१ ते ५ अशी ग्रेड असते, १९८६ पासूनची, स्पेट्झलर-मार्टिन म्हणतात. आकार किती, जागा नाजूक आहे का, रक्त खोलवरच्या शिरेत जातं का, एवढंच बघतात. याचं अडीच सेंटीमीटर, जागा बरी, शीर वरवरची, म्हणून ग्रेड १. गॅमा नाईफचं (कवटी न उघडता किरणांनी करतात ते) मी विचारलं, तर त्याने गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर फुटायची भीती राहतेच, आणि याचं तर एकदा फुटलेलंच, म्हणून ऑपरेशनच ठरलं. (न फुटलेल्याला हात लावावा का यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, २०१४ च्या अरुबा अभ्यासापासून तर जास्तच.)

अण्णांचा प्रश्न वेगळाच. "जाणारी लाईन आधी बंद केली तर?"

"काका, तिथंच तर सगळी मेख आहे. आत दाब वाढून फुटेल." म्हणून आधी येणाऱ्या रोहिण्या एकेक करून बंद करायच्या, मग गुंता चहूबाजूंनी सोडवायचा, नीला अगदी शेवटी. आणि ती नीला आधी लालभडक असते म्हणे, रोहिणीचं रक्त थेट घुसतं ना, येणाऱ्या बंद होत गेल्या की हळूहळू निळी पडते.

सात तास लागले. डॉक्टर बाहेर आले, टोपी हातात, थेट अण्णांकडे. "काका, निळी झाली, मगच काढली."

अण्णांनी मान हलवली आणि बाजूला जाऊन वाटेकऱ्याला फोन लावला, लाईट आली असंल तर मोटर चालू कर म्हणून.

नंतरच्या अँजिओग्राफीत काही उरलेलं दिसलं नाही. फिटच्या गोळ्या चालू आहेत, गाडी चालवायला बंदी आहे म्हणून साहेब सध्या सगळ्यांवर चिडून असतात.