अक्का, डोरोथीबाई आणि १९३९ साल

आज भाचीला बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, दाखवायला नेलं होतं. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. छतातल्या दगडी कमळाखाली पोरगी मान वर करून इतका वेळ उभी, की मीच कंटाळून बाहेर येऊन बसलो. परत येताना रिक्षात म्हणाली, "मामा, मी पुरातत्त्व शिकणार."

घरी अक्काचा पारा चढलाच. "दगडं मोजायला शिकवलो काय गा हिला? पोरींचं काम हाय हे?"

मग मी बसलो सांगत. केंब्रिजमध्ये १८५१ साली जॉन डिस्ने नावाच्या गृहस्थाने पैसे देऊन पुरातत्त्वाचं प्राध्यापकपद सुरू केलं. (मिकी माऊसवाला नव्हे, हे भाचीला आधी सांगावं लागलं!) पुढं अठ्ठ्याऐंशी वर्षं त्या खुर्चीत पुरुषच. १९३९ साली डोरोथी गॅरॉड बसली. पॅलेस्टाईनमधल्या कार्मेल डोंगरातल्या गुहा खणून आलेली बाई. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली पहिली स्त्री प्राध्यापक. गंमत म्हणजे केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं! म्हणजे बाई प्राध्यापक, पण तिच्या विद्यार्थिनींना पदवी नावापुरतीच.

आणि त्याच १९३९ साली आपल्या पुण्यात, बंद पडलेलं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तिथं प्राध्यापक म्हणून आले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया. नेवाशाच्या उत्खननामुळे नाव झालेले तेच.

अक्का भाकरी थापत सगळं ऐकत होती. तवा उतरवून एवढंच विचारलं, "पुण्यात पोरींचं हॉस्टेल बरं हाय काय रे?"