आंबा कापायचे शॉर्टकट

गावात कुणाच्या लग्नाला गेले, की पंगतीत एखादा भाचा हळूच शेजारी सरकतो. "ताई, तुझे फोटोशॉपचे शॉर्टकट लिहून दे ना." गिऱ्हाइकांचा प्रश्न तोच, शब्द वेगळे: माउसला हात न लावता एवढं भराभर कसं करता? आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

यादी मी एकदा दिली होती. चांगली साठेक शॉर्टकटची, दोन रंगांत छापून. ज्याला दिली त्या मुलाने ती लॅमिनेट करून टेबलासमोर चिकटवली. सहा महिन्यांनी गेले, तर तो एडिट मेन्यूत 'फ्री ट्रान्सफॉर्म', म्हणजे चित्र लहान-मोठं करायची सोय, शोधत होता, आणि नाकासमोर भिंतीवर कंट्रोल-टी लिहिलेलं. तेव्हापासून यादी देणं बंद.

मी देवगडला राहते, वेबसाइटी बनवते. निम्मी गिऱ्हाइकं आंबा बागायतदार, उरलेली होमस्टेवाली. पहिल्याच मोसमात एका बागायतदाराने चाळीस फोटो पाठवले. सगळे खळ्यात, गोणपाटावर काढलेले, आणि वेबसाइटवर आंबे हवेत पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर. म्हणजे प्रत्येक आंबा कापून काढा. पी दाबून पेन टूल घ्यायचं, कडेकडेने फिरायचं, डेखाजवळ, म्हणजे देठापाशी, सावकाश. कंट्रोल-एंटरने त्या रेघेचं सिलेक्शन होतं, शिफ्ट-एफ६ने कडा पिक्सेलभर मऊ करायची, कंट्रोल-जे दाबलं की आंबा सुटा होऊन नव्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर. दहा आंबे मी मेन्यूंतून हिंडत कापले. मग मनगट ठणकायला लागलं, म्हणून नाइलाजाने बटणं शोधली. विसाव्या आंब्याला बोटं माझ्याआधी पुढे जायला लागली. ती चार बटणं आजतागायत विसरलेली नाहीत. हल्ली सॉफ्टवेअर एका क्लिकवर आंबा ओळखतं म्हणे. ओळखतं, पण माझ्या फोटोंत डेखाचं टोक हमखास खातं, आणि डेख नसलेला आंबा इथे कोण बघेल?

बोटांना लागलेली सवय सुटत मात्र नाही. पूर्वी फोटोशॉपमध्ये कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जायचं, पुन्हा दाबलं की पुढे. आणखी मागे जायला कंट्रोल-ऑल्ट-झेड. ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीत ते बदललं: साधं कंट्रोल-झेड एकेक पाऊल करत मागे मागे जायला लागलं, आणि जुनं बटण फक्त शेवटच्या दोन स्थितींत उड्या मारायला लागलं. महिनाभर मी ते दाबत होते आणि तीच चूक पडद्यावर येत-जात होती.

दुसरा घोळ एका अक्षराच्या बटणांचा. व्ही म्हणजे वस्तू सरकवायचं मूव्ह टूल, हे खरं. पण कर्सर अजून मजकुरात असेल तर टूल येत नाही, अक्षर उमटतं. एका होमस्टेच्या बॅनरवर 'समुद्रकिनारी' पुढे असं एक उपरं अक्षर दोन दिवस झळकत होतं. मालकाच्या नाही, त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. आता मजकूर झाला की आधी कंट्रोल-एंटर, मगच पुढचं काम. खरं तर मराठी मजकूर चित्रात कोरूच नये, पानावर वेगळा टाइप करावा. गूगलला सापडतो आणि फोन नंबर बदलला तर चित्र पुन्हा करावं लागत नाही. हे पटवण्यात जेवढे दिवस जातात, तेवढे सगळे शॉर्टकट मिळून वाचत नाहीत.

आणि फोटो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो चेपून येतो, म्हणून "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणते. उलट, मूळ फोटो चार-पाच एमबीचा. तो तसाच चढवला, तर घाटात नेटवर्कची एकच कांडी असलेल्या पाहुण्याला खोली दिसायच्या आत तो दुसरीकडे बुकिंग करून मोकळा. कंट्रोल-ऑल्ट-आयने रुंदी सोळाशे पिक्सेल, मग वेबसाठी सेव्ह करायचं कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एस, आणि दोनशे केबीच्या आसपास आणून सोडते.

रंगाला मात्र माझ्याकडे बटण नाही. म्हणजे आहे, कंट्रोल-यू, स्लायडर सरकवला की हिरवा आंबा केशरी होतो. शेजारचे काका खुर्चीमागे उभे राहून सांगतात, "बाय, आंबो वाईच पिवळो कर गो." एका वर्षी केला. पेटीत आंबा जातो तो कडक, हिरवट. घरी गवतात ठेवून पिकवायचा. मुंबईत पेटी उघडली आणि फोन सुरू झाले: फोटोत केशरी, पेटीत हिरवा, फसवलंत. काकांनी दोन आठवडे फोन माझ्याकडे वळवले. तेव्हापासून एकाच आंब्याचे दोन फोटो लावते, पेटीतला आणि आठवड्याने पिकलेला, स्लायडरला हात न लावता. दुसऱ्या फोटोसाठी आठ दिवस थांबावं लागतं.

तर भाच्यांनो, यादी नाही. मार्चमध्ये या, लॅपटॉप घेऊन. चाळीस आंबे कापायला देते. आणि दर आंब्यानंतर कंट्रोल-एस दाबायचं, कारण इथे लाइट विचारून जात नाही.