पैलवानाची चरबी

पॅथॉलॉजिस्टकडे माणूस येत नाही, फॉर्मॅलिनच्या डबीतून त्याचा तुकडा येतो. बेळगावातल्या माझ्या लॅबमध्ये त्या सकाळी आलेली डबी जरा मोठीच होती. चिठ्ठीवर सर्जनचं गिचमिड अक्षर: बेंबीचा हर्निया, अडकलेलं ओमेंटम, पुरुष, वय ५४. ओमेंटम म्हणजे आतड्यांवरून खाली लोंबणारा चरबीचा पडदा. बारीक माणसात तो इतका पातळ असतो की पलीकडचं बोट दिसावं. हा बोटभर जाड, पिवळाधमक आणि अडकलेल्या जागी काळपट होता.

चरबी कापणं आमच्या टेक्निशियनला अजिबात आवडत नाही. बर्फावर ठेवून मेणाचा ब्लॉक कितीही गार केला तरी पात्याखाली ती फाटतेच. शिवाय अल्कोहोल आणि झायलीन आतलं सगळं तेल धुऊन नेतात. काचेवर उरतात त्या रिकाम्या पेशी, नुसत्या कडा.

अशा नमुन्याचा रिपोर्ट दोन ओळींत उरकतो. मी मात्र रेंगाळलो. रक्तपुरवठा तुटलेल्या काळ्या भागात मेलेल्या पेशी आणि त्यांचा फडशा पाडणारे मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी, असणारच, त्यात नवल नाही. म्हणून मी तिथून लांबचा, वरून धडधाकट दिसणारा काप लावला. तिथंही पेशी अवाढव्य फुगलेल्या, आणि मधूनच एखाद्या मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेजचं कडं. पुस्तकात याला ‘क्राउन-लाइक स्ट्रक्चर’ म्हणतात. एवढ्या एका काचेवरून काही सिद्ध होत नाही, पण सर्जनला फोन केल्याशिवाय राहवेना.

“याची साखर बघितलीस?”

“वाढलेलीच आहे. ऑपरेशनच्या आधी तपासली तेव्हाच कळलं, त्याला पत्ताच नव्हता. रिपोर्ट न्यायला तो स्वतः येणार आहे. येळ्ळूरकडचा जुना पैलवान आहे, जरा सांभाळून बोल.”

टाके निघाल्यावर पैलवान आले. कान मोडलेले, मान खांद्यात बुडालेली, पोटाला पट्टा. सोबत काडीसारखा भाचा आणि त्याच्या हातात कुंद्याचा डबा. “तोंड गोड करा डॉक्टर. मी खात नाही हे असलं.” मग खुर्चीत बसत मूळ तक्रार काढली. “साखर मी तोंडात घालत नाही. तूप, दूध, बदाम, हाच माझा खुराक. मग रक्तात साखर आली कुठनं?”

तरुणपणी पहाटे जोर-बैठका, दुपारी झोप, संध्याकाळी लढत. जत्रेच्या मैदानांत नाव होतं. मग गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. “खरं खुराक काय सोडलो नाही,” ते म्हणाले. “पैलवानाचं ताट लहान झालं तर गाव काय म्हणेल?” घरची थंडाई रोज घोटली जात होती.

मायक्रोस्कोपला मॉनिटर जोडलेला आहे, तो मी त्यांच्याकडे फिरवला. स्वतःची चरबी पडद्यावर बघून माणूस गप्प होईल असं मला वाटलं होतं. हे पुढं सरकले. “ही गोळा झालेली माणसं कोण?”

चरबी म्हणजे नुसती साठवण, असं आम्हीही विद्यार्थी असताना शिकलो. १९९४ साली लेप्टिन हे चरबीतून सुटणारं हार्मोन सापडलं आणि ते चित्र पालटलं. चरबीची पेशी हार्मोन सोडते, मेंदूशी बोलते आणि इन्सुलिनचं ऐकते. जेवल्यावर इन्सुलिन तिच्या कडेवर येऊन बसतं, आत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि शेवटी ग्लुट-४ नावाची साखरेची दारं पृष्ठभागावर येतात. त्याच निरोपाने पेशी साठवलेली चरबी बाहेर सोडायचंही थांबवते.

वर्षानुवर्षं खर्चापेक्षा जमा जास्त झाली की पेशी फुगते. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन झिरपतो साधारण १०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत, आणि फुगलेली पेशी एकटीच तेवढी होते. ती गुदमरते, काही मरतात, रासायनिक हाका सुटतात आणि मॅक्रोफेज गोळा होतात. त्यांच्यातून टीएनएफ-अल्फा हे दाह भडकवणारं रसायन सुटतं. त्यामुळे पेशीत जेएनकेसारखी एन्झाइमं जागी होतात आणि इन्सुलिनचा निरोप पुढं नेणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटवतात. निरोप तिथंच अडकतो.

हे सगळं पैलवानांना कसं सांगायचं? मी म्हटलं, “मैदानात हलगी जोरात असली की वस्ताद बाहेरून ओरडलेलं ऐकू येतं का?”

“अजिबात नाही.”

“इन्सुलिन वस्ताद. ही जमलेली मंडळी हलगी वाजवतायत.”

“मग वस्ताद आणखी जोरात ओरडणार.”

ते मी सांगण्याआधीच त्यांनी ओळखलं. स्वादुपिंड तेच करतं, जास्त इन्सुलिन सोडतं, आणि थकलं की साखर चढते. दरम्यान ऐकू न आलेली पेशी चरबीची आम्लं रक्तात सोडतच राहते. ती यकृतात जाऊन तिथंही तोच गोंधळ घालतात.

टीएनएफचा हा धागा १९९३ साली लठ्ठ उंदरांत सापडला. प्राण्यांत तो अडवला तर इन्सुलिनचं काम सुधारलं, माणसांत तो उपाय फारसा चालला नाही. हलगीवाले एकटेच गुन्हेगार नाहीत. मला विचाराल तर प्रयोगशाळेतल्या उंदराला ६० टक्के कॅलरी चरबीतून देतात तेव्हा जे घडतं, तेच मेहनत सुटलेल्या पैलवानाच्या घरी मायेने वाढलं जातं. तूप साजूक आहे की नाही हे भरून गेलेली पेशी विचारत नाही.

भाचा इतका वेळ मजेत ऐकत होता. “मला काय काळजी नाही, मी बारीक.” त्याला मी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या फोटोची गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. त्याने नकळत शर्ट खाली ओढला.

पैलवानांना औषधापेक्षा एकाच गोष्टीत रस होता. “बैठका मारल्या तर?” खरं तर त्यांच्यासाठी हीच सगळ्यात चांगली बातमी होती. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट बघत नाही, दुसऱ्या वाटेने ग्लुट-४ वर आणतो आणि साखर आत घेतो. पण जखम ताजी, गुडघा गेलेला. म्हणून सर्जन सांगेपर्यंत नुसतं चालायचं, आणि थंडाई सणाला. या दुसऱ्या अटीवर बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ‘सण आणि जत्रा’ असं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात ते आपल्या वयाचे तीन निवृत्त पैलवान घेऊन हजर. सगळ्यांना आपली चरबी पडद्यावर बघायची होती. पोट फाडल्याशिवाय ते होत नाही, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. “मग आमचं काय बघणार?” मी टेप काढली. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी म्हटल्यावर टेप लावायची कुठं यावर वाद पेटला. एक म्हणे बेंबीवर, दुसरा म्हणे लंगोटाच्या पट्टीवर, कारण तिथं आकडा कमी येतो. खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडून, असं मी सांगितलं. चौघांनीही पोट आत ओढून धरलं.