सेबूची एस्क्रिमा आणि अंगणातली तालीम

फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर जाणारे बहुतेक लोक ओस्लोबला व्हेल शार्क बघायला जातात नाहीतर कावासानच्या धबधब्यात उड्या मारायला. मी गेले ते काठीचे फटके खायला. माझा भाचा तिथं मेडिकलला आहे (आपल्याकडची कितीतरी पोरं हल्ली फिलिपिन्सला डॉक्टरकीला असतात, मॉलमध्ये मागून अचानक मराठी ऐकू येतं), त्यामुळं राहायचा प्रश्न मिटला होता आणि ताईलाही बरं वाटलं की कुणीतरी पोराच्या जेवणाखाण्याकडं बघून येईल. पोरगं मजेत होतं, दोन्ही वेळ भात खात होतं. मग मी माझ्या कामाला मोकळी.

काम म्हणजे एस्क्रिमा, फिलिपिन्सची काठीची युद्धकला. वेताची काठी, साधारण अठ्ठावीस इंच, म्हणजे आपला दीड हात. उत्तरेकडच्या लुझोन बेटावर आर्निस म्हणतात, सेबूकडं एस्क्रिमा, आणि अमेरिकेत शिकलेले लोक काली म्हणतात, यावरून तिकडं वाद घालणारे वाद घालत असतात, आपण त्यात पडायचं नाही. २००९ साली त्यांच्या संसदेनं कायदा करून आर्निस हा राष्ट्रीय खेळ आणि युद्धकला म्हणून जाहीर केला, आता शाळेतल्या पोरांनाही तो शिकवतात, आणि २०१९ च्या साऊथ ईस्ट एशियन गेम्समध्ये तर त्याची २० सुवर्णपदकं लावली होती, त्यातली १४ यजमानांनी घरीच ठेवली.

पण मला स्टेडियम बघायचं नव्हतं, मला गल्ली बघायची होती.

आधी माक्तानला जाऊन आले, कारण विमानतळच त्या बेटावर आहे. तिथं त्या बेटाचा जुना सरदार लापुलापू, त्याचा भलामोठा पुतळा आहे, हातात तलवार आणि ढाल. २७ एप्रिल १५२१ ला याच्याच माणसांनी स्पेनच्या मोहिमेवर आलेल्या मॅगेलन या दर्यावर्दीला गुडघाभर पाण्यात मारला. एस्क्रिमावाला कुठलाही माणूस घ्या, दुसऱ्या वाक्याला तो लापुलापूवर येतो की आमची कला तेव्हापासूनची. असेलही. मला विचाराल तर पाचशे वर्षांची एवढी सरळ रेघ कुणाचीच नसते, आपल्याकडंही प्रत्येक आखाडा थेट महाराजांपर्यंत पोचतो की. जी गोष्ट नीट सांगता येते ती विसाव्या शतकातली आहे आणि खरं तर तीच जास्त मसालेदार आहे.

सेबू शहरात सान निकोलास म्हणून जुना भाग आहे. तिथलं साव्हेद्रा घराणं आणि कान्येते घराणं, ही यातली मोठी नावं. १९३२ च्या जानेवारीत या मंडळींनी मिळून दोसे पारेस नावाचा क्लब काढला. नाव शार्लमेन या युरोपातल्या जुन्या राजाच्या बारा सरदारांवरून घेतलं, स्पॅनिश काळातल्या नाटकांतून ते लोकांच्या तोंडी होतंच. मग युद्ध आलं, जपानी आले, दोरिंग साव्हेद्रा म्हणून त्यांच्यातला सगळ्यात तयारीचा गडी होता तो जपान्यांच्या हातून गेला. युद्धानंतर भांडणं सुरू. वेनान्सियो बाकोन, ज्यांना सगळे आन्सियोंग म्हणत, ते दोसे पारेसमधून बाहेर पडले आणि १९५२ मध्ये त्यांनी स्वतःचा क्लब काढला. जागा कुठली तर एका घड्याळजीच्या दुकानाची मागची बाजू, बालिंतावाक नावाच्या बोळात, म्हणून क्लबचं नावही बालिंतावाक. माणूस अंगानं किरकोळ होता असं सगळे सांगतात. मग पुढची वीसेक वर्षं या दोन क्लबांच्या लोकांनी एकमेकांना आव्हानं दिली, डोकी फोडली, आणि एकमेकांच्याच घरात लग्नंही केली असणार, कारण शहर केवढं असून असून.

तर भाच्याच्या वर्गातल्या एका सेबूच्याच पोरीचा मामा बालिंतावाक खेळतो असं कळलं आणि तिनं मला लाबांगोन भागात एका घरी नेलं. जीपनीतून गेलो, म्हणजे तिकडची लांबलचक जीपसारखी वडाप. जीपनी थांबवायला छतावर नाण्यानं टकटक करायचं आणि "लुगार लांग" म्हणायचं, हे मला इतकं आवडलं की मी उगाच एक स्टॉप आधी म्हणत होते.

क्लास म्हणजे घरामागचं अंगण. सिमेंटचा कोबा, वर पत्रा, एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात दोन झुंजीचे कोंबडे पायाला दोरी लावून बांधलेले, आणि वाळत घातलेले कपडे सरकवून मोकळी केलेली जागा. मॅट नाही, आरसा नाही, भिंतीवर जुन्या लोकांचे फोटो. आलेली माणसं म्हणाल तर एक मोटरसायकल टॅक्सी चालवणारा, एक नर्सबाई ड्युटीचे बूट घालूनच, रात्रपाळीला कॉल सेंटरला जायच्या आधी तासभर येणारा एक गळ्यात आयकार्ड घातलेला पोरगा, आणि शाळेतली दोन कार्टी. फी विचारली तर सगळे हसले आणि विषय बदलला. नंतर नर्सबाईनं हळूच सांगितलं की जाताना काहीतरी खायला घेऊन ये, ते चालतं.

शिकवणारे म्हातारे सत्तरीच्या पुढचे, पायात रबरी चपला, बनियन. सगळे त्यांना नोंग म्हणत, आपण वडीलधाऱ्याला दादा म्हणतो तसं, मीही म्हणायला लागले. मला ते "दाय" म्हणायचे, तिकडं मुलीबाळींना म्हणतात तसं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला कुणी पोरी म्हणून हाक मारली की ती त्या माणसाचं सगळं ऐकते.

बालिंतावाकमध्ये एकच काठी. आणि रांगेत उभं राहून हवेत हात फिरवणं जवळजवळ नाहीच. नोंग समोर उभे राहतात, एवढे जवळ की त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास येतो, आणि मारायला लागतात. बारा जागा ठरलेल्या आहेत, डाव्या कानशिलापासून सुरू, ते मारतात, आपण अडवायचं, अडवून उलट मारायचं, ते अडवतात आणि लगेच पुढचा. याला आगाक म्हणतात. क्रम आधी सांगत नाहीत. आपल्याला जेवढं झेपतं त्याच्या एक बोट पुढं ते वेग ठेवतात, आपण सरावलो की वेग वाढतो, गडबडलो की "हिनाय-हिनाय", म्हणजे हळू हळू, आणि परत तोच फटका तोपर्यंत येत राहतो जोपर्यंत हात आपोआप जात नाही.

खरी गंमत काठीत नाहीये, डाव्या हातात आहे. मी पहिल्यांदा फक्त काठीकडं बघत होते, सगळेच बघतात. नोंगचा डावा हात मात्र सतत कामावर. पंजा सरळ, अंगठा बोटांना चिकटवलेला, आणि मी मारायला कोपर उचलते ना उचलते तोच तो पंजा कोपरावर येऊन टेकलेला असायचा. दाबायचे नाहीत, नुसता टेकवायचे. माझी काठी निघायच्या आधीच संपलेली. मग मी दुसरीकडून मारायला जावं तर पंजा मनगटावर. एकदा मी मुद्दाम काहीच केलं नाही, उभीच राहिले, तर त्यांनी काठीच्या मुठीकडच्या टोकानं माझ्या हनुवटीला हलकेच टिचकी मारली आणि अख्खं अंगण हसलं. कोंबडा पण ओरडला.

आणि वास! कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. वेताच्या दोन काठ्या जोरात एकमेकींवर बसल्या की जळका वास येतो. खरोखर काहीतरी करपल्यासारखा. वेत तुटून त्याचे धारदार तुकडे उडत नाहीत, तो हळूहळू पिंजतो, सालीचे धागे सुटतात, मग त्याला चिकटपट्टी गुंडाळून अजून काही दिवस काढतात आणि अगदीच लोळागोळा झाला की तो शाळेतल्या कार्ट्यांच्या वाट्याला. कमागोंग नावाच्या काळ्या जड लाकडाच्याही काठ्या असतात, पण त्या जोडीदारावर कुणी चालवत नाही, हाड राहायचं नाही.

मी कोल्हापूरची, लहानपणी लाठी फिरवली आहे, पट्टा दोनचार वेळा हातात घेतला आहे. आता बोलते ते ऐकून गावाकडचे मला फाडून खातील, पण बोलते. आपला मर्दानी खेळ बघायला जगात भारी आहे, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरी दांडपट्टा फिरवतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण बराचसा आता बघण्यापुरता उरलाय. लिंबू कापणं, आगीचे पलिते फिरवणं, गर्दी मागं सरकते, टाळ्या. समोर उभा राहून तुम्हाला रोज तासभर फटके देणारा आणि तुमचे घेणारा माणूस, तो फार थोड्या तालमीत उरलाय. सेबूत ते उलटं आहे, बघायला तिथं काहीच नाही. दोन माणसं एकमेकांना चिकटून खटखट करतायत, रस्त्यावरून जाणारा मान वळवून बघतही नाही. पण त्या दोघांना विचारा! या खेळात एकट्यानं काहीही शिकता येत नाही, ही त्याची अडचण आहे आणि त्यामुळंच तो गल्लीत टिकून आहे, कारण तुम्ही एक दिवस आला नाहीत तर दुसऱ्या कुणाचा तरी सराव बुडतो आणि तो तुमच्या घरी विचारायला येतो.

दोसे पारेसवाल्यांकडंही जाऊन आले, त्यांचा कारभार मोठा, बॅनर, टीशर्ट, लहान मुलांच्या बॅचेस. तिथं दोन काठ्यांची सिनावालीही शिकवतात, समोरासमोर दोघं, चार काठ्या, ताल बसला की थांबवंसं वाटत नाही. स्पर्धेसाठी ते जाडजूड चिलखत आणि जाळीचं हेल्मेट घालून धडाधड मारतात. १९८९ मध्ये याच पद्धतीची पहिली जागतिक स्पर्धा सेबूतच झाली. मला ते चिलखतातलं प्रकरण फारसं रुचलं नाही. अंगावर गादी बांधली की माणूस अडवायचंच सोडून देतो आणि नुसता मोजत सुटतो. पण पोरं मात्र घामाघूम होऊन खूश होती, माझं कोण ऐकतंय.

सराव संपला की जेवण. नारळाच्या कोवळ्या पातीत विणून उकडलेला भात असतो, पुसो म्हणतात, तो घडाच्या घड टांगलेला असतो, त्यातला एक तोडायचा, उभा चिरायचा आणि कोळशावर भाजलेल्या मांसाबरोबर खायचा. मी मासे घेतले. मग पुरुषमंडळींचं तागाय सुरू होतं, एकच ग्लास, एकजण ओतणारा, ग्लास रिकामा करून त्याच्याकडं परत द्यायचा आणि तो पुढच्याला. मी कोक घेतलं तरी ते त्याच ग्लासातून, सुट्टी नाही.

आणि मग गप्पा. कोण कुणाचा शिष्य, कुणी कुणाला कुठल्या जत्रेत झोपवलं, कोण आता स्वतःला ग्रँडमास्टर म्हणवतो आणि त्याला खरं किती येतं. ग्रँडमास्टर तिकडं इतके झालेत की दगड मारला तर एकाला लागेल, परदेशी विद्यार्थी सर्टिफिकेट मागतात, मग काय. या गप्पा ऐकताना वाटायचं आता हे उठून त्या दुसऱ्या क्लबवाल्याला मारायला जातात की काय, आणि तेवढ्यात तो दुसऱ्या क्लबवालाच फाटकातून आत आला, हातात आईस्क्रीमचा डबा. नोंगच्या नातवाचा वाढदिवस होता.

त्याच रात्री कॅलिफोर्नियाच्या स्टॉक्टनहून आलेला एक पाहुणा होता, आजोबांचं गाव बघायला आलेला. त्याच्याकडून दुसरी बाजू कळली. १९२० आणि ३० च्या दशकात हजारो फिलिपिनो पोरं तिकडं शतावरीच्या शेतात मजुरीला गेली, त्यांच्याबरोबर ही काठी गेली. राहायच्या खोल्यांमध्ये आपापसातच खेळायचे, गोऱ्याला दाखवायचे नाहीत. १९६६ मध्ये आन्हेल काबालेस यांनी स्टॉक्टनमध्ये सगळ्यांसाठी उघडा क्लास काढला तेव्हा कुठं दार उघडलं. ब्रूस लीबरोबर दिसणारे डॅन इनोसान्टो पण स्टॉक्टनचेच. पाहुणा हे सांगत होता आणि नोंग ऐकत होते, मग त्यांनी त्याला उठवलं आणि ट्यूबलाइटखाली उभं केलं, बघू तुमचं काय राहिलंय ते. दोघांचा अर्धा तास काय खेळ झाला! त्याचे पायाचे ठेके वेगळे, अंतर वेगळं, पण दहा मिनिटांत जमलं. भाषा मात्र दोघांची जुळत नव्हती, त्याला सेबुआनो येत नाही आणि नोंगचं इंग्रजी माझ्यासारखंच.

परत येताना मनिलात लुनेटा पार्कला रविवारी सकाळी चक्कर मारली. तिथं झाडांखाली वर्षानुवर्षं वेगवेगळे गट सराव करतात, तातांग इलुस्त्रिसिमो या जुन्या नामांकित गुरूंच्या परंपरेतले लोकही इथंच शिकवत आले आहेत. तिथं तलवारीचा विचार जास्त, काठी म्हणजे नुसती पात्याची जागा भरणारी. ते वेगळंच प्रकरण, त्याच्यावर परत कधीतरी.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. २०२५ च्या जूनपासून आपल्याला पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहायचं बुकिंग जवळ ठेवा. काठ्या तिथंच घ्या, स्वस्त मिळतात, येताना चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये घेऊ देत नाहीत. वेळेवर जा, सेबूचे बाकी लोक उशिरा येतील पण नोंग कधी उशिरा येत नाहीत. आणि एका क्लबचा टीशर्ट घालून दुसऱ्याच्या अंगणात जाऊ नका. एक जर्मन पोरगा आला होता तसा, छातीवर पलीकडच्या क्लबचा लोगो एवढा मोठा. नोंग त्याला एक शब्द बोलले नाहीत, उलट पाणी दिलं, बसवलं, आणि मग त्या संध्याकाळी आगाकला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच घेतलं.