पांढरं झुरळ, तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, बेसिनखाली पांढरंफटक झुरळ निघालं. ही कुठली नवीन जात?" मी कीटकशास्त्र शिकवते हे कळलं की सोसायटीत कुणी ना कुणी हे विचारतंच, वर व्हॉट्सॲपवर फोटो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: जात नेहमीचीच आहे, फक्त नुकतीच कात टाकलीय.

फोटो मोठा करून पाहा, डोळे काळेच दिसतील. आसपास शोधलंत तर पोकळ तपकिरी कातही सापडेल, पाठीवर उभी चिरलेली. त्यातून बाहेर पडलं की झुरळ हवा गिळून अंग फुगवतं आणि काही तासांत तपकिरी होतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच ना, असं माझे विद्यार्थीही म्हणतात. रसायन त्याच्या जवळपासचं आहे खरं, पण इथे नुसती हवा लागून भागत नाही. वरून हुकूम यावा लागतो.

१९६२ साली फ्रँकेल आणि श्याओ या संशोधकांनी कोशातून नुकत्याच निघालेल्या माशीच्या मानेला दोरा आवळला. डोक्याकडून येणारा इशारा तुटला आणि धड फिकटच राहिलं, हवा तर भरपूर होती. मग रंग धरत असलेल्या दुसऱ्या माशीचं रक्त त्यात टोचलं, तर ते काळवंडलं! रक्तातल्या त्या संप्रेरकाचं नाव बर्सिकॉन, कातडी कमावण्याच्या ग्रीक शब्दावरून. ते चेतापेशींत तयार होतं. त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर त्याचा इशारा झेलणारा रेणू, आपल्या थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरचा लांबचा भाऊबंद. फळमाशीत हा रिसेप्टर बिघडला की पंख चुरगळलेलेच राहतात, पाय वाकडे होतात. म्हणून त्या जनुकाचं नाव 'रिकेट्स', म्हणजे आपला मुडदूस.

हुकूम लवकर सुटूनही चालत नाही. अंग फुगायच्या आत कवच कडक झालं तर प्राणी आखडलेलाच राहील. म्हणून आधी एक्डायसोन हे दुसरं संप्रेरक वाढतं, जुन्या कवचाखाली नवं तयार होतं. एक्डायसोन ओसरलं की कात टाकायला लावणारी पेप्टाइडं (प्रथिनांसारखेच, पण छोटे रेणू) सुटतात, आणि बर्सिकॉनची पाळी येते ती या सगळ्याच्या शेवटी.

"मग मारू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मारायचंच असेल तर आत्ताच मारा, मऊ अंगाने त्याला धड पळता येत नाही. माझ्या घरी निघालं तर मी टॉर्च घेऊन बेसिनखाली बसते, आणि घरचे चहासाठी हाका मारत राहतात.