जर्मनीचा व्हिसा आणि साडेबावीस हजारांची स्टिकरं

निकाल आधी सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. जर्मनीच्या ब्लू कार्डाच्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्याच्या, व्हिसाला डिग्रीवर अपोस्टील (कागद खरा असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर) लागत नाही. कोणी लागतं म्हणालं तर समोरचा चहा तसाच ठेवून उठा. मी चहा प्यायलो, वर क्रीमरोल खाल्ला आणि साडेबावीस हजार देऊन आलो.

पासपोर्ट कसा काढायचा, स्कॅन कसं करायचं हे इथे सांगत बसणार नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेलं काँट्रॅक्ट तुमच्या हातात आहे असं धरतो. नुसतं ऑफर लेटर असेल तर आधी काँट्रॅक्ट मागवा, मग इकडे या.

एजंट मावसभावाने सुचवला. त्याचं दुबईचं काम याच माणसाने चोख करून दिलं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. अमिराती हेग करारात, म्हणजे एकमेकांचं अपोस्टील मानणाऱ्या देशांच्या करारात नाही, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याच्या डिग्रीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांचा दूतावास अशी शिक्क्यांची माळ लागतेच. याचा साचा तो. जर्मनी म्हटल्यावर त्याने माळेतला शेवटचा मणी काढला आणि 'अपोस्टील करू' म्हणाला. वरवर पटण्यासारखं होतं. भारत २००५ पासून करारात आहे, जर्मनीही आहे. मेख अशी की भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, म्हणून या दोन देशांमध्ये तो करार लागूच होत नाही. जर्मन दूतावासाच्या वेबसाइटवर हे लिहिलेलं आहे. मी ते वाचलं, पण पैसे दिल्यावर सव्वा महिन्याने.

डिग्री, शेवटच्या वर्षाची मार्कशीट आणि लग्नाचा दाखला, प्रत्येकी ७,५००. अपोस्टीलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे. बाकीचे कशाचे, असं नंतर विचारलं तर म्हणाला, "साहेब, दिल्लीची धावपळ असते ना!"

पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा. मूळ डिग्री हातातून गेली, ते खरं नडलं. २०२५ च्या सुरुवातीपासून हे अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचे असतात. कागद अपलोड करायचे, ते लोक तपासतात, काय कमी आहे ते कळवतात आणि सगळं जमलं की मग अपॉइंटमेंट. माझ्याकडे स्कॅन होते, म्हणून मी अर्ज भरून टाकला. तपासणी मला वाटलं त्यापेक्षा लवकर झाली आणि पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. त्या दिवशी मूळ कागद दाखवावे लागतात, आणि माझी डिग्री दिल्लीत. रोज फोन. "साहेब, फाइल टेबलावर आहे." कुठल्या टेबलावर, कोणाच्या, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. ती वेळ सोडावी लागली. पुढची तीन आठवड्यांनंतरची. तिकडे कंपनीची एचआरवाली दर सोमवारी अतिशय नम्र ईमेल पाठवत होती, आणि तो नम्रपणा मला शिवीपेक्षा जास्त लागत होता.

तेव्हा मूळ डिग्री कोणालाही देऊ नका. दहावीच्या मित्रालासुद्धा नको.

खरी तपासणी आहे आनाबिनची. हा परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांचा जर्मनांचा डेटाबेस फुकट आहे आणि घरी बसून बघता येतो. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. एक, तुमचं विद्यापीठ 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का. दोन, तुमच्या पदवीपुढे 'एन्टश्प्रिष्ट' (जुळते) किंवा 'ग्लाइशवेर्टिश' (समकक्ष) लिहिलंय का. दोन्ही पानांच्या प्रिंट काढा. कॉलेजचं नाव शोधत बसू नका, डिग्री ज्याने दिली ते विद्यापीठ बघा. मी एक संध्याकाळ कॉलेज शोधण्यात घालवली. माझी डिग्री २०१४ च्या आधीची, म्हणजे तिच्यावर नुसतं 'पुणे विद्यापीठ' आहे, 'सावित्रीबाई फुले' नाही. कव्हर लेटरमध्ये नामांतराची एक ओळ टाकली, कोणी काही विचारलं नाही. पदवी यादीत सापडली नाही तरच त्यांच्या केंद्रीय कार्यालयाकडून तुलनेचं प्रमाणपत्र मागवायचं. त्याला दोनशे युरोंच्या वर पैसे आणि बराच वेळ जातो.

पगाराचा आकडा नीट बघा. २०२५ साठी ब्लू कार्डाला वर्षाला ४८,३०० युरो लागत होते. इंजिनिअर, आयटीवाले अशा टंचाईच्या यादीतल्यांना ४३,७५९.८०. हा आकडा दर १ जानेवारीला बदलतो. काँट्रॅक्ट काठावरचं असेल आणि वर्ष संपत आलं असेल, तर पगार वाढवून मागायचं इतकं सभ्य कारण पुन्हा मिळणार नाही.

कंपनीकडून नोकरीसंबंधीचं घोषणापत्र भरून घ्यावं लागतं. माझ्या वेळी त्यावर सहीच नव्हती, पोर्टलवरून परत आलं. विमा जर्मनीत उतरल्याच्या दिवसापासून नोकरीचा सरकारी विमा सुरू होईपर्यंतचा हवा. नेहमीची पर्यटकांची पॉलिसी घेऊ नका.

शेवटी पहाटेची सिंहगड पकडून मुंबईला गेलो. व्हिसा अर्ज केंद्राच्या दारातच फोटो, झेरॉक्स, कुरिअर, लाउंज असं सगळं विकायला बसलेले असतात. व्हिसाची फी ७५ युरो, तेवढीच रुपयांत भरायची. लाउंज म्हणजे तोच हॉल, सोफ्यासकट. घेऊ नका. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो घरून न्या, नाहीतर तिथे काढावे लागतात आणि त्यात आपण फरार आरोपी दिसतो.

काउंटरवरच्या मुलीने डिग्री हातात घेतली, उलटी केली, मागचं स्टिकर बघितलं.

"हे कशाला केलंत?"

"एजंट म्हणाला लागतं."

"आम्हाला नाही लागत," असं म्हणून तिने डिग्री परत दिली. बोटांचे ठसे धरून सगळा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला. सतरा दिवसांनी पासपोर्ट घरी आला, आत व्हिसा होता. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झोप मात्र चांगली लागली.

माझं मत: ज्याला ईमेल लिहिता येतं त्याला या कामासाठी एजंट लागत नाही. मी चिडून लिहितोय हे मान्य, पण दोन महिन्यांनी शांत झाल्यावरही हेच म्हणेन. कंपनी घाईत असेल तर तिने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करावी. खर्चायचेच असतील तर पैसे तिथे खर्चावेत, आणि ते कंपनीने.

आता बायकोचा अर्ज भरायचाय. एजंटाचा परवाच फोन आला होता, वहिनींना जर्मनची ए-वन परीक्षा द्यावी लागेल, क्लास आमच्याकडेच आहे, तुम्हाला सवलत देतो म्हणून. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ती अट नाही. या वेळी मी आधी वाचलं होतं.